स्टेंट पुन्हा बुजला तर: आतून किरणोपचार, औषधी फुगा, नवा स्टेंट की बायपास?

हृदयाच्या धमनीत बसवलेला स्टेंट आतून पुन्हा बुजला आहे, असे अँजिओग्राफीच्या अहवालात आले की घरातले सगळे "आता काय करायचे?" या प्रश्नामागे धावतात. "तो का बुजला?" हे मात्र फार थोडे जण विचारतात आणि माझ्या मते खरी निवड या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरच ठरते. पुण्यातल्या एका कर्करोग विभागात किरणांची मात्रा मोजण्याचे काम मी बरीच वर्षे केले. आता निवृत्त आहे. त्यामुळे ओळखीतल्या कुणाचा स्टेंट बुजला की माणसे फाइल आणि अँजिओग्राफीची सीडी घेऊन घरी येतात आणि धमनीच्या आतून किरणोपचार देतात असे वाचले आहे, तो करून घ्यावा का, असे विचारतात. मी हृदयरोगतज्ज्ञ नाही आणि शेवटचा शब्द तज्ज्ञांचाच असला पाहिजे. शिवाय उभा जन्म किरणांवर पोट भरलेल्या माणसाचा कल किरणांकडे असणार, हेही वाचकाने गृहीत धरावे. एवढे सांगून समोर असलेले पर्याय शेजारी शेजारी ठेवून पाहू.

धमनी पुन्हा अरुंद का होते

१६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुन्ट्झिग यांनी हृदयाच्या धमनीत फुगा फुगवून पहिली अँजिओप्लास्टी केली, तेव्हापासून ही अडचण या उपचाराच्या पाठीशी लागलेली आहे. नुसत्या फुग्याने उघडलेली धमनी रबरासारखी मागे येत असे आणि साधारण तीन रुग्णांपैकी एकाची धमनी सहा महिन्यांत पुन्हा अरुंद होत असे. १९८६ मध्ये फ्रान्समधील तुलूझ आणि स्वित्झर्लंडमधील लोझान येथे पहिले स्टेंट बसवले गेले. धातूच्या जाळीने धमनीचे मागे येणे थांबले, पण जाळीचा दाब हीच भिंतीला झालेली एक जखम असते. ती भरून काढताना भिंतीतल्या स्नायुपेशी वाढू लागतात, जाळीच्या छिद्रांतून आत येतात आणि ज्या पोकळीसाठी हा सारा खटाटोप केला तीच व्यापून टाकतात. वैद्यकीय कागदांवर याला 'इन-स्टेंट रिस्टेनोसिस' म्हणतात. आपण पुनर्संकोच म्हणू.

हे झाले एक कारण, म्हणजे पेशींची वाढ. दुसरे कारण यांत्रिक आहे: स्टेंट मुळातच पूर्ण उघडलेला नसतो, धमनीच्या भिंतीत कॅल्शियमचे कडे असल्यामुळे तो एका जागी आवळलेला राहतो, क्वचित त्याची तार मोडलेली असते, किंवा रोगट भागाचे एक टोक स्टेंटच्या बाहेर राहून गेलेले असते. अलीकडे तिसरेही दिसते. स्टेंटच्या आत तयार झालेल्या नव्या थरातच काही वर्षांनी चरबी साचू लागते, म्हणजे मूळ आजार नव्या जागेत नव्याने सुरू होतो. किरण यांतल्या फक्त पहिल्या कारणावर काम करतात, आणि ज्या रुग्णाच्या बाबतीत कारण पहिले नाही त्याला किरणोपचार देणे म्हणजे दाराची बिजागरी गंजलेली असताना कुलूप बदलण्यासारखे आहे.

माझ्या मेव्हण्यांच्या बाबतीत हेच घडले. त्यांना रोज सकाळी पर्वती चढण्याची सवय. निम्म्या पायऱ्यांवर छातीत दडपण येऊ लागले, तेव्हा तपासणीत दोन वर्षांपूर्वीचा स्टेंट बुजलेला दिसला. पहिल्या ठिकाणी फुगा मारून मोकळे केले आणि आठ महिन्यांत पुन्हा तेच झाले. दुसऱ्या ठिकाणी धमनीच्या आतून प्रकाशाने चित्र घेणारी ओसीटी तपासणी झाली, तेव्हा कळले की स्टेंटचा मधला भाग कॅल्शियमच्या कड्यात अडकून पहिल्या दिवसापासूनच अर्धवट उघडलेला होता. मला आधी विचारले असते तर मीही कदाचित किरणांची भलामण केली असती आणि ती साफ चुकली असती. म्हणून पुढचे काहीही ठरवण्याआधी ओसीटी किंवा ध्वनिलहरींनी चित्र घेणारी आयव्हीयूएस यांपैकी एक तपासणी झाली आहे का, हे विचारावे. बाहेरून घेतलेल्या अँजिओग्राफीत पोकळी किती उरली ते दिसते, ती का गेली ते बहुधा दिसत नाही.

किरणांची कल्पना आली कुठून

शस्त्रक्रियेनंतर कातडीवर उंचवट्यासारखा वाढणारा व्रण, ज्याला कीलॉइड म्हणतात, तो कापून काढल्यावर तिथे किरणांची थोडी मात्रा दिली की पुन्हा वाढण्याचे प्रमाण घटते, हे किरणोपचार विभागांना फार पूर्वीपासून माहीत आहे. विभाजन पावणाऱ्या पेशी किरणांना सर्वांत लवकर बळी पडतात, आणि स्टेंटच्या आतली वाढ हीदेखील एका अर्थाने अतिउत्साहाने भरलेली जखमच असते. मग तिथेही किरण का देऊ नयेत, असा विचार १९९०च्या दशकात पुढे आला.

पद्धत अशी आहे. नेहमीप्रमाणे हाताच्या किंवा जांघेच्या धमनीतून नळी घालून अरुंद जागा आधी फुग्याने मोकळी केली जाते. मग त्या जागी एक बारीक बंद नळी नेऊन ठेवतात आणि तिच्यातून किरणोत्सर्गी स्रोताचे इवले दाणे पुढे सरकवतात. स्ट्रॉन्शियम-९० वापरणाऱ्या पद्धतीत हे दाणे निर्जंतुक पाण्याच्या दाबाने पुढे जातात, काही मिनिटे ठरलेल्या जागी थांबतात आणि त्याच दाबाने मागे येतात. स्ट्रॉन्शियमचे बीटा किरण ऊतींमध्ये काही मिलिमीटरच जातात, म्हणून कॅथलॅबमधली, म्हणजे अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीतली, माणसे जागा सोडत नाहीत. इरिडियम-१९२ चे गॅमा किरण मात्र दूरवर जातात. त्यासाठी पंधरा-वीस मिनिटे लागत, खोली रिकामी करावी लागे आणि जाड शिशाचे आडोसे ठेवावे लागत. दोन्हींमध्ये स्रोत बाहेर काढून घेतला जातो. रुग्णाच्या शरीरात किरणोत्सारी असे काही मागे उरत नाही आणि त्याच संध्याकाळी नातवाला मांडीवर घ्यायला काही हरकत नाही. ही शंका मला इतक्या वेळा विचारली गेली आहे की ती इथे नोंदवून ठेवतो.

मात्रा ऐकून आमच्या क्षेत्रातला माणूस जरा थबकतो. ग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक. कर्करोगात आपण साधारणपणे दिवसाला २ ग्रे देतो. इथे स्ट्रॉन्शियम पद्धतीत धमनीच्या रुंदीनुसार स्रोतापासून २ मिलिमीटर अंतरावर १८.४ किंवा २३ ग्रे एकाच बैठकीत दिले जातात. जागा अगदी चिमुकली असते म्हणूनच हे चालते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, स्तनाच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेतलेल्या स्त्रियांमध्ये हृदयाला सरासरी मिळालेल्या प्रत्येक ग्रेमागे हृदयविकाराच्या मोठ्या घटना ७.४ टक्क्यांनी वाढलेल्या दिसल्या. जी गोष्ट धमन्या बिघडवते तीच मोजून, मापून, चार सेंटिमीटरच्या जागेत वापरून धमनी उघडी ठेवायची, असा हा प्रकार आहे. छातीवर पूर्वी किरणोपचार झालेल्या रुग्णाने ही माहिती आवर्जून सांगितली पाहिजे, ती याच कारणाने.

आकडे काय सांगतात

अमेरिकेत ला होया येथील स्क्रिप्स संस्थेत पॉल टियरस्टीन आणि सहकाऱ्यांनी केवळ ५५ रुग्णांवर केलेली चाचणी १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. इरिडियम मिळालेल्या गटात पुनर्संकोच १७ टक्के, किरण नसलेला खोटा स्रोत मिळालेल्या गटात ५४ टक्के. त्याच सुमारास रॉन वॅक्समन यांच्या गटाने वॉशिंग्टनमध्ये १३० रुग्णांवर केलेल्या चाचणीतही असाच मोठा फरक आला. पुढे २५२ रुग्णांच्या गॅमा-१ चाचणीत स्टेंटच्या आतला पुनर्संकोच ५०.५ वरून २१.६ टक्क्यांवर आला आणि स्ट्रॉन्शियमच्या ४७६ रुग्णांच्या स्टार्ट चाचणीत आठ महिन्यांत त्या धमनीवर पुन्हा उपचार करावे लागण्याचे प्रमाण २४.१ वरून १६ टक्क्यांवर उतरले. नोव्हेंबर २००० मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने गॅमा आणि बीटा अशा दोन्ही पद्धतींना मान्यता दिली.

याच चाचण्यांत दुसरी बाजूही उघडी पडली. गॅमा-१ मध्ये उशिरा गुठळी होऊन धमनी अचानक बंद पडण्याचे प्रमाण किरण मिळालेल्या गटात ५.३ टक्के होते आणि दुसऱ्या गटात ०.८ टक्के. किरण नको असलेल्या पेशींची वाढ रोखतात, तशी धमनीच्या आतल्या नाजूक अस्तराची दुरुस्तीही लांबवतात. अस्तराविना उघडी राहिलेली जाळी, विशेषतः त्याच वेळी नवा स्टेंट बसवला असेल तर, महिन्यांनंतरही गुठळी ओढवून घेते. उपाय सापडला तो म्हणजे नवा स्टेंट शक्यतो टाळायचा आणि अॅस्पिरिनबरोबर क्लोपिडोग्रेलसारखी दुसरी गोळी दीर्घकाळ, निदान वर्षभर, चालू ठेवायची. दुसरा दोष टोकांचा. किरण जिथे कमी पडतात आणि फुग्याने जिथे इजा झालेली असते त्या सीमेवर वाढ उलट जोमाने होते. स्टेंटलाच किरणोत्सारी करून पाहण्याचे प्रयोग झाले तेव्हा तर मधला भाग मोकळा आणि दोन्ही टोके आवळलेली, असे चित्र इतके वारंवार दिसले की डॉक्टरांनी त्याला गोड गोळीच्या कागदाचे नाव दिले. रावळगावच्या गोळीचा दोन्हीकडे पिळलेला कागद डोळ्यांसमोर आणला की पुरे.

फायदा टिकतो किती, याचे उत्तर मिश्र आहे. स्क्रिप्सच्या त्या छोट्या गटात पाच वर्षांनीही पुन्हा उपचार लागण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्के विरुद्ध ४८ टक्के असे होते. म्हणजे फरक राहिला. पण पहिल्या वर्षानंतर किरण मिळालेल्यांमध्येही काहींच्या धमन्या सावकाश अरुंद होत राहतात. किरणांनी वाढ थांबते, असे म्हणण्यापेक्षा अनेकांत ती पुढे ढकलली जाते, असे म्हणणे मला अधिक प्रामाणिक वाटते.

औषधी स्टेंट विरुद्ध किरण: ही लढत जुन्या मैदानावर झाली

एप्रिल २००३ मध्ये पेशींची वाढ रोखणारे सिरोलिमस औषध हळूहळू सोडणाऱ्या स्टेंटला आणि मार्च २००४ मध्ये पॅक्लिटॅक्सेल या तशाच दुसऱ्या औषधाच्या स्टेंटला अमेरिकेत मान्यता मिळाली. भारतातही असे स्टेंट त्याच सुमारास रूढ झाले. २००६ मध्ये दोन चाचण्या एकत्रच प्रसिद्ध झाल्या. पहिल्या चाचणीत ३८४ रुग्णांमध्ये उपचार अपयशी ठरण्याचे प्रमाण किरणोपचाराच्या गटात २१.६ टक्के आणि सिरोलिमस स्टेंटच्या गटात १२.४ टक्के आले. दुसऱ्या चाचणीत ३९६ रुग्णांमध्ये पुनर्संकोच अनुक्रमे ३१.२ आणि १४.५ टक्के आला. या निकालांनंतर किरणोपचाराची यंत्रणा बाळगण्याचे कारण बहुतेक रुग्णालयांना उरले नाही. स्टेंट काय, फडताळातून काढून बसवता येतो. किरणांसाठी हृदयरोगतज्ज्ञ, किरणोपचारतज्ज्ञ आणि माझ्यासारखा मात्रा मोजणारा, अशा तिघांना एका वेळी एका खोलीत आणावे लागते. पुण्यातल्या वाहतुकीत ते काय प्रकरण होईल, याची कल्पना वाचकांना आहेच.

परंतु या दोन चाचण्यांमधले एक बारीक कलम निर्णय घेणाऱ्याने नजरेआड करू नये. त्यांतल्या रुग्णांचे बुजलेले स्टेंट साध्या धातूचे होते, औषध नसलेले. त्यांच्या धमनीला औषधाची ही पहिलीच भेट होती. आज आपल्यासमोर येणाऱ्या रुग्णाचा बुजलेला स्टेंट बहुधा औषधीच असतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या रुग्णात तर औषधी स्टेंटच्या आत औषधी स्टेंट, असे धातूचे दोन थर असतात. जिथे औषध एकदा, दोनदा हरले आहे तिथे तेच औषध तिसऱ्यांदा तसेच जिंकेल, असे २००६ चे आकडे सांगत नाहीत. त्यांना तो प्रश्न विचारलेलाच नव्हता. शिवाय प्रत्येक नवा थर पोकळी थोडी खातो. तीन मिलिमीटरच्या धमनीत तिसरी जाळी बसवणे हे लहान खोलीच्या भिंतीला गिलाव्यावर गिलावा चढवण्यासारखे आहे. याच फटीतून किरणोपचार अमेरिकेतल्या काही केंद्रांत टिकून राहिला आहे. तिथल्या हृदयसंघटनांच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत, वारंवार होणाऱ्या पुनर्संकोचासाठी लक्षणे कमी करण्याच्या हेतूने त्याचा 'विचार करता येईल', अशा दुबळ्या शिफारशीत त्याची नोंद आहे. शिफारस दुबळी आहे हे खरे, पण ती आहे, हेही खरे.

पहिल्यांदाच बुजलेल्या स्टेंटसाठी, आत एकच थर असेल आणि जाळी नीट उघडलेली असेल तर, नवा औषधी स्टेंट हा आजही भक्कम पर्याय आहे. त्याच्या बाजूने आणखी एक व्यवहारी मुद्दा असा की फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारने स्टेंटच्या कमाल किमतीवर मर्यादा घातली, तेव्हा औषधी स्टेंटसाठी ती २९,६०० रुपये ठरली आणि नंतर वेळोवेळी बदलत गेली. स्टेंटची रक्कम बिलात वेगळी दाखवलेली असावी, असा आग्रह धरावा.

औषधी फुगा: आजचा खरा प्रतिस्पर्धी

किरणांची तुलना करायची तर ती नव्या स्टेंटपेक्षा औषधी फुग्याशी केली पाहिजे, कारण दोघांचा दावा एकच आहे: वाढ रोखू, आणि आत नवे काही ठेवणार नाही. फुग्याच्या पृष्ठभागावर औषधाचा लेप असतो. तो अर्धा-एक मिनिट भिंतीवर दाबून धरला की औषध भिंतीत उतरते आणि फुगा काढून घेतला जातो. २००६ मध्ये ५२ रुग्णांच्या जर्मन चाचणीत साध्या फुग्याने ४३ टक्के आणि पॅक्लिटॅक्सेलच्या फुग्याने ५ टक्के पुनर्संकोच दिसला, तेव्हा जग चकित झाले होते. पुढच्या, मोठ्या चाचण्यांनी हा उत्साह जमिनीवर आणला. अमेरिकेतल्या ६०० रुग्णांच्या चाचणीत वर्षभरात उपचार अपयशी ठरण्याचे प्रमाण औषधी फुग्याने १७.९ टक्के आणि साध्या फुग्याने २८.६ टक्के आले; त्याच आधारावर मार्च २०२४ मध्ये तिथे हृदयाच्या धमनीसाठीच्या पहिल्या औषधी फुग्याला मान्यता मिळाली. युरोपात आणि भारतात हे फुगे त्याआधी कितीतरी वर्षे वापरात होते, आणि सिरोलिमसचा लेप असलेला एक फुगा तर सुरतेतल्या कंपनीने विकसित केलेला आहे. या एका बाबतीत पुण्यातला रुग्ण न्यूयॉर्कमधल्या रुग्णाच्या पुढे होता, असे म्हणायला हरकत नाही.

फुगा आणि नवा औषधी स्टेंट यांत कोण सरस? दहा चाचण्यांतल्या १,९७६ रुग्णांची माहिती एकत्र करून २०२० मध्ये मांडली गेली. त्यात तीन वर्षांत पुन्हा उपचार लागण्याचे प्रमाण फुग्याच्या गटात १६ टक्के आणि स्टेंटच्या गटात १२ टक्के होते, आणि बुजलेला स्टेंट साध्या धातूचा असेल तर दोघांत फारसा फरक नव्हता. म्हणजे स्टेंट किंचित पुढे आहे, पण थराची किंमत देऊन. दोन थर आधीच असतील तर ती किंमत मला जास्त वाटते. औषधी फुग्याची किंमत स्टेंटच्या मर्यादेवर ताडून पाहू नये. तो एकच लागणार की लांब भागासाठी दोन, हे आधी विचारून घ्यावे.

फुगा आणि किरण समोरासमोर ठेवले तर व्यवहारात पारडे फुग्याकडे झुकते. तो नेहमीच्या कॅथलॅबमध्ये, नेहमीच्या डॉक्टरांकडून, कोणत्याही वेगळ्या परवान्याविना वापरता येतो आणि त्यानंतरच्या दोन गोळ्यांचा काळ बहुधा कमी असतो. किरणांच्या बाजूने एवढेच म्हणता येते की त्यांचा हल्ला औषधाहून वेगळ्या वाटेने होतो. ज्या धमनीत सिरोलिमसही हरले आणि पॅक्लिटॅक्सेलही हरले तिथे वेगळी वाट मोलाची ठरू शकते. मात्र ही तुलना आज बहुतांशी रुग्णालयांच्या स्वतःच्या नोंदींवरच बेतावी लागते, म्हणून तिच्यावर फार मोठा डोलारा उभा करू नये.

कारण यांत्रिक असेल तर फुगा आणि किरण ही तुलनाच गैरलागू होते. तिथे आधी जाळी उघडली पाहिजे: अतिउच्च दाबाचा फुगा, धारदार पात्यांचा फुगा, हिऱ्याच्या भुकटीने मढवलेले, कॅल्शियम घासून काढणारे फिरते टोक, लेझर किंवा धक्क्याच्या लहरींनी कॅल्शियम फोडणारा फुगा, यांपैकी जे योग्य असेल ते. मेव्हण्यांच्या कॅल्शियमवर लहरींचा फुगा वापरला, नंतर औषधी फुगा दिला. आत नवे काही ठेवले नाही.

बायपास, आणि काहीच न करणे

बायपासचे नाव काढले की घरात शांतता पसरते, हे मी अनेकदा पाहिले आहे. पण डाव्या बाजूच्या मुख्य पुढच्या धमनीच्या सुरुवातीचा स्टेंट दोनदा बुजला असेल, रुग्णाला मधुमेह असेल आणि आणखी दोन धमन्यांत आजार असेल, तर तिसऱ्यांदा कॅथलॅबमध्ये जाण्याआधी शल्यविशारदांचे मत घेतलेच पाहिजे. १,९०० मधुमेही रुग्णांच्या फ्रीडम चाचणीत, जी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली, पाच वर्षांत मृत्यू, हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात यांपैकी काही घडण्याचे प्रमाण बायपासनंतर १८.७ टक्के आणि स्टेंटनंतर २६.६ टक्के होते. एकट्या पक्षाघाताचे प्रमाण मात्र बायपासमध्ये अधिक, ५.२ विरुद्ध २.४ टक्के. छातीच्या आतल्या भिंतीवरची धमनी जोडलेली असेल तर ती दहा वर्षांनीही बहुसंख्य रुग्णांत वाहती राहते, आणि हे आयुष्य किरण, फुगा किंवा स्टेंट यांपैकी कुणालाही सांगता आलेले नाही. वय फार, फुप्फुसे दुबळी, मूत्रपिंडे थकलेली, किंवा बायपास आधीच होऊन गेलेली असेल तर चित्र पालटते, आणि किरणोपचाराचे नाव निघते ते बहुधा अशाच रुग्णाच्या बाबतीत.

काहीच न करण्याचाही पर्याय आहे. अहवालातला सत्तर टक्क्यांचा आकडा पाहून घाबरण्यापेक्षा, रुग्णाला तळजाईची चढण चढताना काही होते का, हे विचारावे. लक्षणे नसतील किंवा गोळ्यांनी आटोक्यात असतील आणि धमनीतला दाब मोजणाऱ्या तपासणीत अरुंद जागेच्या पुढच्या आणि आधीच्या दाबाचे गुणोत्तर ०.८० च्या वर असेल, तर त्या जागेला हात न लावणे हाच कित्येकदा चांगला उपचार ठरतो.

पुण्यातून किरणोपचाराचा विचार करताना

आपल्याकडे एक गैरसमज पुन्हा पुन्हा भेटतो. पुण्यातल्या अनेक कर्करोग केंद्रांत ब्रॅकीथेरपीचे, म्हणजे शरीराच्या आतून किरण देण्याचे, यंत्र आहे आणि त्यात इरिडियम-१९२ च असते, मग तेच हृदयासाठी का वापरत नाहीत, असे विचारले जाते. त्या यंत्राचा स्रोत आणि त्याची तार गर्भाशयमुखासारख्या जागांसाठी बनवलेली असते. धडधडत्या हृदयाच्या वळणदार धमनीत नेण्यासाठीच्या नळ्या आणि स्रोत वेगळे असतात, आणि कोणताही किरणोत्सर्गी स्रोत ज्या कामासाठी परवाना आहे त्याच कामासाठी वापरता येतो. हा परवाना मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाकडून मिळतो. स्रोताच्या आयुष्याचाही प्रश्न असतो: फॉस्फरस-३२ या दुसऱ्या बीटा स्रोताचे अर्धायुष्य, म्हणजे ताकद निम्मी होण्याचा काळ, सुमारे १४ दिवस, इरिडियम-१९२ चे ७४ दिवस, स्ट्रॉन्शियम-९० चे मात्र जवळजवळ २९ वर्षे. वर्षाकाठी मोजक्या रुग्णांसाठी दर काही आठवड्यांनी नवा स्रोत मागवणे कुठल्याच रुग्णालयाला परवडत नाही. शेवटी टिकून राहिली ती स्ट्रॉन्शियमची पद्धत, याला हेही एक कारण असावे असे मला वाटते. तेव्हा कुणी ही सेवा देऊ केली, तर स्रोत कोणता, परवाना हृदयाच्या धमनीसाठी आहे का, आणि मात्रा ठरवणारा भौतिकशास्त्रज्ञ प्रक्रियेच्या वेळी हजर असेल का, हे तीन प्रश्न विचारायला संकोच करू नये.

ज्यांचे नातेवाईक अमेरिकेत आहेत अशा कोथरूड-औंधच्या घरांतून तिथे जाऊन करून घेण्याची भाषाही ऐकू येते. स्टेंटचे दोन किंवा अधिक थर, नीट उघडलेली जाळी, ओसीटीत दिसणारी पेशींची वाढ, औषधी फुगा वापरूनही आलेला पुनर्संकोच, बायपासला शल्यविशारदांचा नकार आणि गोळ्यांनी न हटणारी लक्षणे, या साऱ्या अटी एकत्र जुळल्या तरच मी त्या खर्चाला होकार देईन. यातली एखादी कमी असेल तर तो पैसा आणि वेळ इथेच चांगल्या तपासणीवर, आणि मधुमेह व कोलेस्टेरॉल खाली आणण्यावर लावावा.

होकार देण्याआधी एक साधी गोष्ट तपासावी, ती म्हणजे पुढच्या वर्षभरात रुग्णाची दुसरी कोणती शस्त्रक्रिया ठरलेली आहे का. प्रोस्टेट, हर्निया, गुडघ्याचा सांधा, अशा गोष्टी साठीनंतर घरोघरी रांगेत उभ्या असतात, आणि त्या करायच्या तर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्यांपैकी एक थांबवावी लागते. किरणोपचारानंतर ती मध्येच थांबवणे हाच त्या उपचारातला सर्वांत मोठा धोका आहे. मेव्हण्यांचे हर्नियाचे ऑपरेशन तारखेसह ठरलेले होते. फाइलच्या सगळ्या कागदांत ते कुठेच नोंदलेले नव्हते, आणि ते डॉक्टरांना सांगितले ते माझ्या बहिणीने, दारातून बाहेर पडता पडता.